वत्सगुल्माचें पद्मतीर्थ

वाशीम येथें पद्मतीर्थ नांवाचें एक जुनें तळें आहे. वाशीमकरांना त्याचें विशेष अप्रूप नाहीं; रोजच्या पाहण्यांतल्या वस्तूचें तें कोणालाच नसतें. परंतु एकोणिसाव्या शतकांत इंग्रज अंमलदारांनीं वऱ्हाडची माहिती गोळा करून जीं गॅझेटियरें छापलीं, त्यांत वाशीमची हकीकत अगदीं थोडक्या ओळींत दिलेली असूनही ह्या तळ्याला तींत जागा मिळाली आहे. वासुकि नांवाच्या एका राजाला महारोग जडला होता. गांवाबाहेरच्या एका लहानशा डोहांत त्यानें स्नान केलें आणि त्याचा रोग गेला. राजानें तो डोह खणून वाढविला व त्याचें तळें केलें. तेंच हें पद्मतीर्थ, आणि लोक अजून तेथें स्नानास जातात, अशी ती हकीकत आहे.

श्रोतेहो, ही कथा ऐकून हंसूं नये. पाण्याच्या आणि आजारी माणसाच्या भेटीवरच ज्यांचा इतिहास उभा राहिला, अशीं गांवें जगांत ठिकठिकाणीं आहेत. ग्रीस देशांत यूबीआ नांवाच्या लांबट बेटावर एदिप्सॉस म्हणून एक लहानसें गांव समुद्रकांठीं आहे. तेथें जमिनींतून कढत पाणी वर येतें. ॲरिस्टॉटलनें त्या झऱ्यांचा उल्लेख केला आहे आणि ग्रीक लोक त्यांना हेराक्लीझ ह्या महाबली वीराचीं स्नानें म्हणत. रोमचा सर्वाधिकारी सुल्ला ह्याला पायाच्या सांध्यांच्या दुखण्यानें गांठलें, तेव्हां तो उपचारासाठीं एदिप्सॉसला जाऊन राहिला, असें प्लूटार्कनें त्याच्या चरित्रांत लिहून ठेवलें आहे. सुल्ला गेला, रोमचें साम्राज्यही गेलें. झरे वाहत आहेत आणि सांधे धरलेलीं माणसें आजही तेथें जातात. इंग्लंडांतील बाथ ह्या शहराचें तर नांवच स्नान. रोमन लोकांनीं तेथील ऊन पाण्याच्या कुंडाभोंवतीं मोठीं स्नानगृहें उभारलीं, तीं आज खणून मोकळीं केलेलीं पाहावयास मिळतात. परंतु तेथली लोककथा रोमन लोकांना ओळखत नाहीं. ती सांगते कीं, ब्लेडड नांवाच्या राजपुत्राला महारोग झाला, घरांतून बाहेर पडून तो डुकरें राखूं लागला. डुकरें ज्या ऊन चिखलांत लोळत त्या चिखलांत तोही लोळला आणि बरा झाला. मग राजा झाल्यावर त्यानें तेथें गांव वसविलें. आमचा वासुकि आणि त्यांचा ब्लेडड ह्यांची गांठ कोणी घालून दिली नव्हती!

वाशीमचा प्रकार मात्र एका बाबतींत ह्या दोन्ही गांवांहून निराळा आहे. पद्मतीर्थ हें ऊन पाण्याचें स्थान नव्हे. वऱ्हाडांत ऊन झरा पाहावयाचा तर मोर्शीच्या पलीकडे सातपुड्याच्या कुशींत सालबर्डीस गेलें पाहिजे. वाशीमचें पाणी साधें, पावसाचें व जमिनींतल्या पाझराचें. मग ह्या साध्या पाण्याला एवढी थोरवी कां मिळाली? ह्याचें एक उत्तर पुराणांत आहे आणि दुसरें भूगोलांत. मला दुसरें अधिक पटतें म्हणून तें आधीं सांगतों.

वाशीम हें वऱ्हाडच्या बालाघाटावर, समुद्रसपाटीपासून पावणेदोन हजार फुटांच्या आसपास उंचीवर वसलेलें आहे. ह्या पठाराच्या माथ्यावर पडलेल्या पावसापुढें दोन वाटा असतात. वाशीमजवळच्या काटा गांवाकडे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस उतरते, ती पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तें पाणी अरबी समुद्रांत जातें. दक्षिणेकडे वळलेलें पाणी पैनगंगेंत, पैनगंगेंतून वर्धेंत, तेथून प्राणहितेच्या आणि गोदावरीच्या द्वारें बंगालच्या उपसागरांत जातें. एकाच शेतांतल्या दोन बांधांवरचें पाणी दोन समुद्रांना जाऊन मिळावें, अशी ही जागा. अशा माथ्यावरच्या गांवाला मोठी नदी मिळत नाहीं. अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर ह्या बाजूच्या श्रोत्यांना खारपाणपट्टा ठाऊक आहे. तेथें विहिरीला पाणी लागतें पण तें तोंडांत धरवत नाहीं. घाटावर पाणी गोड आहे, पण तें थांबत नाहीं. थांबवावयाचें तर काळ्या पाषाणांत तळें खणावें, कुंड बांधावें, पायऱ्या घालाव्या, आणि एवढें करून लोकांनीं तें जपावें म्हणून त्याला देवाचें नांव द्यावें. वत्सगुल्ममाहात्म्य नांवाचा जो संस्कृत ग्रंथ ह्या क्षेत्रासंबंधीं आहे, त्यांत येथें १०८ तीर्थें असल्याचें सांगितलें आहे. एकशेंआठ ही संख्या भाविकांच्या आवडीची आहे, मोजदाद करणाराची नव्हे. तरी तीर्थें पुष्कळ होतीं एवढें तिच्यावरून समजावें.

त्याच माहात्म्यांत गांवाच्या नांवाचीही उपपत्ति आहे. वत्स नांवाच्या ऋषीनें येथें घोर तप केलें. त्या तपानें देवांचा समुदाय, म्हणजे गुल्म, त्याच्या आश्रमाभोंवतीं येऊन राहिला. म्हणून हें वत्सगुल्म. वत्सगुल्माचें पुढें झिजून वाशीम झालें. ह्याहून वेगळी एक उपपत्ति कामसूत्राच्या जयमंगला टीकेंत आहे. दक्षिणापथांत वत्स व गुल्म नांवाचे दोन राजपुत्र, सख्खे भाऊ, होते. त्यांचा प्रदेश तो वत्सगुल्म, असें टीकाकार म्हणतो. ह्या दोन उपपत्तींपैकीं खरी कोणती हा वाद निष्फळ आहे. परंतु त्यांतून एक गोष्ट हातीं लागते. वात्स्यायनाला आपल्या ग्रंथांत वत्सगुल्माच्या चालीरीति नमूद कराव्याशा वाटल्या. म्हणजे हें आडवाटेचें खेडें नव्हतें, ज्याच्याकडे इतरांचें लक्ष जावें असें नगर होतें.

आणि तरीही हें नगर एका राजघराण्याची राजधानी होतें ही गोष्ट वाशीम पार विसरून गेलें होतें. ती परत कळली १९३९ सालीं.

त्या सालीं वाशीम येथें एक ताम्रपट उजेडांत आला. वाकाटक वंशांतील विंध्यशक्ति ह्या राजानें आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्म येथून दिलेलें हें दानपत्र. नांदीकट, म्हणजे आजचें नांदेड, त्याच्या उत्तरेकडील भागांतलें एक गांव अथर्ववेदी ब्राह्मणांस दिल्याचें त्यांत लिहिलें आहे. वंशावळीचा भाग संस्कृतांत आणि व्यवहाराचा भाग प्राकृतांत, अशी त्याची मोठी मजेदार भाषा आहे. आपल्या आजोबांच्या कागदपत्रांत मथळा संस्कृत आणि मजकूर मराठी असावा, तसाच हा प्रकार. ह्या ताम्रपटानें काय केलें तें समजण्यासाठीं अजिंठ्याला जावें लागेल.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत वाकाटकांचा मंत्री वराहदेव ह्याचा शिलालेख आहे. त्यांत वाकाटक राजांची वंशावळ दिलेली आहे, पण पावसानें व काळानें अक्षरें पुष्कळ झिजलेलीं. ब्यूलर ह्या जर्मन पंडितानें तो लेख वाचतांना पहिल्या प्रवरसेनानंतरचें नांव रुद्रसेन असावें असें मानलें, कारण विदर्भांतल्या दुसऱ्या ताम्रपटांत तसा क्रम होता. त्यामुळें वाकाटकांची एकच शाखा, असा समज अनेक वर्षें चालत आला. वाशीमच्या ताम्रपटांत मात्र प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन आणि त्याचा पुत्र विंध्यशक्ति, असें स्वच्छ लिहिलेलें निघालें. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं मग अजिंठ्याची ती झिजलेली ओळ पुन्हां तपासली आणि तेथें रुद्रसेन नसून सर्वसेन हेंच नांव असल्याचें दाखवून दिलें. प्रवरसेनाच्या मागें राज्याचे वांटे झाले होते. एक शाखा नागपूरकडे नंदिवर्धन येथें, आणि दुसरी वत्सगुल्म येथें. ही दुसरी शाखा इ. स. ३३० च्या सुमारापासून ५०० च्या सुमारापर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशें वर्षें नांदली. तिचा शेवटचा मोठा राजा हरिषेण. अजिंठ्याचीं अत्यंत सुंदर लेणीं त्याच्या काळांत कोरलीं गेलीं. त्याच शिलालेखांत एका राजाविषयीं असें म्हटलें आहे कीं, तो आठव्या वर्षीं गादीवर आला आणि त्यानें उत्तम राज्य केलें. त्या मुलाचें नांव मात्र दगडावरून पुसून गेलें आहे. मला अजिंठ्याचीं चित्रें पाहतांना पुष्कळदां त्या बिननांवाच्या मुलाची आठवण होते.

सर्वसेन हा नुसता राजा नव्हता, कवि होता. त्याचें हरिविजय नांवाचें प्राकृत काव्य, श्रीकृष्णानें सत्यभामेसाठीं स्वर्गींचा पारिजात आणल्याच्या प्रसंगावर रचलेलें. आनंदवर्धनासारख्या काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञानें त्याची वाखाणणी केली, भोजानें त्यांतले श्लोक उदाहरणादाखल उद्धृत केले. आज मूळ काव्य उपलब्ध नाहीं, अशीं उद्धृत केलेलीं तुटक पद्यें तेवढीं शिल्लक आहेत. कवींच्या जगांत ह्या गांवाचें नांव त्याच्यामागें कित्येक शतकें टिकलें. राजशेखरानें दहाव्या शतकाच्या आरंभीं काव्यमीमांसा लिहिली, तींत काव्यपुरुषाच्या विवाहाचें एक रूपक आहे. साहित्यविद्या ही वधू त्याच्या मागोमाग देशोदेशीं हिंडते, आणि त्यांचें लग्न लागतें तें विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत. कनोजच्या दरबारीं बसलेल्या ह्या पंडिताला साहित्याच्या लग्नाचा मांडव घालावयास वाशीमच सुचलें, ह्यांत त्याच्या महाराष्ट्रीय पूर्वजांचा अभिमान थोडासा असेलही. पण नुसत्या अभिमानावर एवढें रूपक उभें राहत नाहीं. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची, ह्या नांवाची काव्यरीतीच तेव्हां प्रसिद्ध होती आणि कर्पूरमंजरीच्या आरंभीं त्यानें तिचें नांव घेतलेलें आहे.

एवढें सारें वाशीम विसरलें. सर्वसेन विसरलें, हरिविजय विसरलें, हरिषेण विसरलें. लक्षांत राहिला तो वासुकि राजा आणि त्याचें तळें. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा वेळीं थोडा राग येतो. परंतु रागावण्यापूर्वीं ह्या वासुकीची थोडी विचारपूस करावी.

वासुकि हें मनुष्य राजाचें नांव असण्यापेक्षां नागाचें असणें अधिक संभवनीय. नाग हे आपल्याकडे पाण्याचे राखणदार; विहीर, डोह, तळें ह्यांच्या कांठीं नागप्रतिमा असावयाची, हा रिवाज सबंध दक्षिणेंत आहे. वराहदेवाच्या अजिंठ्यांतील लेखांत त्या लेण्याच्या वर्णनांत नागेंद्राच्या मंदिराचा उल्लेख येतो, आणि सोळाव्या लेण्याकडे चढून जाणाऱ्या पायऱ्यांच्या बाजूला वेटोळ्यावर बसलेला नागराज आजही दिसतो. म्हणजे वत्सगुल्माच्या राजाचा मंत्री बौद्ध भिक्षूंसाठीं विहार खोदवितो, तेथेंही नागाचें स्थान ठेवतो. माझा आपला तर्क असा कीं, पद्मतीर्थाच्या कांठीं कधीं काळीं नागराजाची पूजा असावी, तो वासुकि. आणि नागाचा राजा विसरला जाऊन पुढें नुसता राजा राहिला. हा तर्क आहे, पुरावा नव्हे, हें श्रोत्यांनीं कृपा करून ध्यानांत ठेवावें. उद्यां कोणी शिलालेख सांपडवून मला खोटें पाडलें तर मला आनंदच होईल.

महारोगाच्या भागाचें काय? त्याला सोबती अगदीं शेजारीं आहे. वाशीमपासून फार दूर नसलेल्या शिरपूर येथें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें प्रसिद्ध जैन क्षेत्र आहे. चौदाव्या शतकांत जिनप्रभसूरीनें विविधतीर्थकल्प हा ग्रंथ लिहिला, त्यांत ह्या क्षेत्राची कथा आहे. श्रीपाल नांवाचा राजा कुष्ठानें पीडलेला होता. वनांत हिंडतांना त्यानें एका तळ्यांत हातपाय व तोंड धुतलें, तो तेवढे अवयव निरोगी झालेले राणीला दिसले. मग त्या पाण्यांतच पार्श्वनाथाची मूर्ति असल्याचा दृष्टांत झाला. पुढें वऱ्हाडच्या लोकांनीं ह्या राजाचें नांव एलिचपूरच्या ईल राजाशीं जोडलें. म्हणजे वाशीमची कथा आणि शिरपूरची कथा ह्या एकाच मातींतल्या दोन बहिणी. एक हिंदूंच्या घरीं वाढली, एक जैनांच्या. दोघींना ठाऊक असलेलें सत्य एकच: पाणी दुर्मिळ आहे, रोग असाध्य आहे, आणि जें पाणी असाध्यावर चालतें त्याची नासाडी करूं नये.

पण येथें एक टोंचणी लागल्यावांचून राहत नाहीं. कथेंतला महारोगी राजा होता, म्हणून तो पाण्यांत उतरला. साध्या महारोग्याला तीर्थाच्या पायरीवर भीक मागत बसावें लागे. त्यानें पाण्याला शिवलेलें कोणाला चालत नसे. ज्या लोकांनीं महारोग बरा करणारें पाणी म्हणून तीर्थाचें माहात्म्य गाइलें, त्यांनींच महारोग्याला त्या पाण्यापासून दूर ठेवलें. महारोग हा पापाचें फळ नसून जंतूंचा परिणाम आहे, हें नॉर्वेच्या हान्सेननें १८७३ सालीं त्या जंतूंचा शोध लावून दाखविलें. १९४० नंतर सल्फोन जातीचीं औषधें आलीं आणि असाध्य हा शब्द मागें घ्यावा लागला. त्याच पिढींत अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं उजाड टेकडीवर महारोग्यांसाठीं तपोवन वसविलें. वासुकीला जें तळ्यानें दिलें असें लोक म्हणतात, तें वऱ्हाडांतल्या साध्या माणसाला तेथें औषधानें, कामानें आणि सन्मानानें मिळूं लागलें.

ज्यांना रोग नव्हता अशांचीही पाण्यावर बंदी होती, हें विसरून चालणार नाहीं. महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह मार्च १९२७ मध्यें पाणी प्याले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अमरावतीस वऱ्हाडच्या अस्पृश्यांची परिषद त्यांच्याच अध्यक्षतेखालीं भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हां गाजत होता. पुढें डॉ. पंजाबराव देशमुखांनीं जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असतांना अमरावती जिल्ह्यांतील सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १०८ तीर्थांच्या मोजणींत पाणी किती होतें हें सांपडतें. तें कोणाच्या वांट्याला आलें हें वऱ्हाडांत १९२७ नंतरच्या ह्या खटपटींवरून वाचावें लागतें.

वाकाटकांनंतरच्या हजार वर्षांचा पल्ला आपण लवकर ओलांडूं. मोंगलांच्या अमदानींत वाशीम हें वऱ्हाड सुभ्यांतल्या एका सरकाराचें ठाणें होतें. ऐन-ई-अकबरींत त्याची नोंद आहे. पुढें येथील कापडाला नांव झालें. थोरले माधवराव पेशवे आणि नागपूरकर जानोजी भोसले ह्यांच्यामध्यें १७६९ सालीं कनकापूरचा तह झाला, त्यांत भोसल्यांनीं पेशव्यांस दरसाल वाशीम व बाळापूर येथलें कापड द्यावें असें एक कलम होतें. तहांत मुलुख, घोडदळ, खंडणी ह्यांच्या रांगेंत एका गांवाचें कापड जाऊन बसावें, ह्याहून विणकरांची मोठी शिफारस कोणती? आणि सूत धुण्यास, कांजी करण्यास, रंग चढविण्यास पाणी लागतें. तीर्थांच्या गांवांत कोष्टी वसले ह्यांत योगायोग मला तरी दिसत नाहीं.

त्याच काळांत वाशीमला नवें देऊळ आणि नवें तळें मिळालें. जानोजी १७७२ सालीं वारले आणि त्यांच्या गादीसाठीं साबाजी व मुधोजी ह्या भावांत तंटा लागला. १७७५ सालीं पांचगांवच्या लढाईंत साबाजी मारले गेले. ह्या साबाजींचे दिवाण भवानी काळू. त्यांनीं वाशीमचें बालाजीचें देऊळ बांधलें. औरंगजेबाच्या काळांत मूर्ति जमिनींत पुरून ठेवल्या होत्या व त्या पुढें अकस्मात् सांपडल्या, अशी हकीकत तेथें सांगतात. देवळाचें काम त्या धामधुमीच्या दशकांतच पुरें झालें. धनी रणांत पडलेला, राज्य दुसऱ्याकडे गेलेलें, अशा वेळीं हा माणूस देऊळ बांधतो; आणि नुसतें देऊळ न बांधतां जवळ दगडी बांधणीचा चौकोनी तलावही बांधवितो. जुनें पद्मतीर्थ असतांना नवा तलाव कशाला, असें त्याला वाटलें नाहीं. माथ्यावरच्या गांवांतल्या कारभाऱ्याला तसें वाटत नसतें.

इंग्रजांच्या अमलांत वाशीम कांहीं काळ जिल्ह्याचें ठिकाण झालें, १९०५ सालच्या फेररचनेंत तो जिल्हा मोडून तें अकोल्यांत गेलें, आणि १९९८ सालीं पुन्हां स्वतंत्र जिल्हा झालें. कचेरीच्या पाट्या बदलल्या, एवढेंच त्याविषयीं म्हणतां येईल.

आतां शेवटची एक गोष्ट. ती मीं मुद्दाम मागें ठेविली, कारण ती सर्वांत उशिरां कळलेली आहे. मिराशींनीं वाकाटकांचे सर्व लेख एकत्र करून मोठा ग्रंथ १९६३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतही ती नाहीं. वाशीमच्या परिसरांत हिस्से-बोराळा नांवाचें गांव आहे. तेथें त्यानंतर एक शिलालेख हातीं आला. वत्सगुल्माचा राजा देवसेन, म्हणजे हरिषेणाचा बाप, त्याच्या काळचा हा लेख. देवसेनाचा अधिकारी स्वामिल्लदेव ह्यानें एक मोठें सरोवर बांधलें, त्याचें नांव सुदर्शन, असा त्यांतला मजकूर आहे. वाकाटकांचे दुसरे लेख राजाच्या कारकीर्दीचें वर्ष सांगतात. त्यामुळें त्यांचा नक्की काळ ठरवितांना पंडितांची दमछाक होते. ह्या एका लेखांत मात्र शकांचें वर्ष दिलें आहे: ३८०, म्हणजे इ. स. ४५७-५८. सबंध वाकाटक वंशाचा काळ ज्या एका खुंटीला टांगतां आला, ती खुंटी एका तळ्याच्या कांठीं ठोकलेली होती.

सुदर्शन हें नांव इतिहासाच्या वाचकाला नवें नाहीं. सौराष्ट्रांत गिरनारच्या पायथ्याशीं सुदर्शन नांवाचेंच एक सरोवर होतें. तेथल्या एकाच प्रचंड शिळेवर अशोकाचे, रुद्रदामनाचा आणि स्कंदगुप्ताचा, असे तिघांचे लेख आहेत. चंद्रगुप्त मौर्याच्या वेळीं पुष्यगुप्तानें तें सरोवर बांधविलें. अशोकाच्या वेळीं त्याचे पाट काढले ते तुषास्फ नांवाच्या यवन अधिकाऱ्यानें. यवन म्हणजे ग्रीक, आणि नांव मात्र इराणी वळणाचें. इ. स. १५० च्या सुमारास वादळानें बांध फुटला, तो रुद्रदामनानें बांधून काढला. गुप्तांच्या अमलांत तो पुन्हां फुटला आणि स्कंदगुप्ताचा अधिकारी चक्रपालित ह्यानें तो दुरुस्त करविला. ही दुसरी दुरुस्ती झाली गुप्त संवत् १३७ मध्यें, म्हणजे इ. स. ४५६-५७ त.

दोन्ही सालें शेजारीं शेजारीं मांडून पाहावीं. गिरनारचें सुदर्शन पुन्हां भरलें, त्याच्या पुढच्याच वर्षीं वाशीमच्या माळावर नवें सुदर्शन बांधून झालेलें होतें. व्यापारी तांड्यांबरोबर बातमी आली असेल, एखादा कारागीर इकडे उतरला असेल, किंवा स्वामिल्लदेवाला एवढेंच वाटलें असेल कीं, नांव ठेवावयाचें तर देशांतल्या सर्वांत प्रख्यात सरोवराचें ठेवावें. सौराष्ट्रांतल्या त्या बांधाचा गवगवा वत्सगुल्माच्या दरबारांत पोंचला होता, एवढें मला त्या नांवावरून खास वाटतें.

गिरनारच्या सरोवराचें पाणी केव्हांच आटलें. देवसेनाच्या सुदर्शनाचा दगड तेवढा राहिला. पद्मतीर्थाच्या कांठीं कोणाचाही लेख नाहीं. तेथें अजून पाणी आहे.